मार्चमध्ये वेळासला जावं का? आई आणि लेक सोबत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात कासवाची पिल्लं बघायला वेळासला जायचा विचार आहे, पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगाव, म्हसळा आणि मग बागमांडल्याहून जंगलजेटीने (गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने) खाडीपलीकडे वेशवीला, सोबत बीपीवाली आई आणि सहा वर्षांची लेक.

प्रश्न हवेचा आहे. मागे याच दिवसांत आंजर्ल्याला गेलो होतो तर पहाटे स्कूटरची सीट दवाने अशी ओलीचिंब की रुमाल पिळून काढला, शाल घेऊन किनाऱ्यावर बसलो, आणि अकरा वाजता त्याच वाळूत पाय ठेववेना, लेकीला कडेवर घेऊन पळत सुटलो 😅 होमस्टेवाले काका म्हणाले, पूर्वेचा वारा सुटला की खारा वारा दुपारपर्यंत आत येतच नाही म्हणून असं भाजतं. हवामान खात्याचे उष्णतेच्या लाटेचे इशारेसुद्धा हल्ली फेब्रुवारीपासूनच यायला लागलेत, त्यामुळे आई आत्ताच नको म्हणतेय.

तर तिकडच्या लोकांनी सांगा, सध्या सकाळी धुकं असतं का, आणि असलं तर पहिली फेरीबोट उशिरा सुटते का? पिल्लं सकाळ-संध्याकाळच सोडतात ते ठीक, पण मधली दुपार आईने कुठे काढायची, एसी नसलेल्या घरात रात्री तरी गार होतं का? की सरळ फेब्रुवारीअखेर उरकून घेऊ? पिल्लं तेव्हा दिसतील ना पण?