मदत हवी आहे: लेखन शिबिरात मुलाने सांगितलेलं मी लिहून घेतलं, तर ते लेखन त्याचंच ना?

नमस्कार मंडळी,

मी मालवण तालुक्यातली, एस.वाय.बी.ए.ला आहे. आमच्या गावच्या वाचनालयाने मे महिन्यात चौथी ते सातवीच्या मुलांसाठी लेखन शिबिर ठेवलंय आणि मी तिथे मदतनीस आहे. शिकवायला मॅडम आहेत, निवृत्त शिक्षिका. माझ्याकडे हजेरी, कागद, पेन्सिली, पिण्याचं पाणी, आणि विषय दिल्यावर जी मुलं कोऱ्या कागदाकडे बघत राहतात त्यांच्या शेजारी जाऊन बसणं. या शेवटच्या कामाबद्दलच विचारायचंय. समारोप जवळ आलाय, म्हणून जरा लवकर सांगा.

शिबिर सकाळी नऊ ते बारा, शाळेच्या वर्गात. अर्धी मुलं गावातली, अर्धी मुंबईहून आजोळी आलेली. मुंबईची बरीचशी इंग्रजी माध्यमाची. घडाघडा बोलतात, पण जोडाक्षर आलं की थांबतात. त्यांचं त्या मानाने सोपं आहे, ती विचारतात तरी. गावातली मुलं विचारत नाहीत. निबंधाच्या वहीतलं पाठ असलेलं लिहून मोकळी होतात.

सहावीतला एक मुलगा आहे. घर किनाऱ्यालाच, वडील रापणीवर (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर) जातात. विषय होता 'मी जवळून पाहिलेलं काम'. त्याने लिहिलं: 'कोळी बांधव समुद्रात जाऊन मासे पकडतात. मासेमारी हा महत्त्वाचा व्यवसाय आहे. आपण समुद्र स्वच्छ ठेवला पाहिजे.' आणि पेन्सिल खाली. त्याच्या घरात कुणी कुणाला 'कोळी बांधव' म्हणत असेल असं मला वाटत नाही.

मी त्याला एवढंच विचारलं, 'रापण ओढताना तू खय उभो रवतंस?' मग तो थांबेचना. होडी जाळं सोडत कशी वळसा घेऊन परत किनाऱ्याला येते, दोन्ही टोकांचे दोर धरून माणसं कशी दोन रांगांनी ओढतात, मासळीचे वाटे कसे लागतात, सगळं. मी कागद ओढला आणि तो बोलेल तसं उतरवत गेले. त्यातला हा तुकडा:

'पायाखालची वाळू सरकता. मागे बघूचा नाय. बांगडो गावलो तर सगळे आरडतत. काय गावला नाय तर कोण बोलणा नाय. बाबा नुसते दोर गुंडाळतत.'

संपल्यावर त्याने कागद हातात घेऊन दोनदा वाचला. आपण बोललेलं असं कागदावर दिसतं हे त्याने पहिल्यांदाच पाहिलं असावं.

आता माझ्या अडचणी.

मॅडमचं म्हणणं, मुलाने स्वतःच्या हाताने लिहायला हवं. एकदा तू लिहून द्यायला लागलीस की तो पेन्सिल उचलणारच नाही. हे मला पटतं. पण त्याच्या हाताने ती तीन कोरडी वाक्यंच येतात आणि तोंडाने हे येतं. मग यातलं त्याचं लेखन कुठलं?

दुसरं, समारोपाला हस्तलिखित निघणार आहे आणि मुलं पालकांसमोर वाचणार आहेत. कार्यकारिणीतल्या काहींना सगळं प्रमाण मराठीत हवंय. मी हा तुकडा बदलून पाहिला. 'काहीच मिळालं नाही तर कोणी बोलत नाही' असं केलं की अर्थ तोच राहतो, मुलगा राहत नाही. पण मालवणीत ठेवावं तर वेगळीच भीती. आपल्याकडे मंचावरून मालवणी ऐकू आली की लोक हसायच्या तयारीनेच बसतात. बाबा दोर गुंडाळतात त्या ओळीला कुणी हसलं तर तो पोर पुन्हा लिहिणार नाही.

तिसरं सगळ्यात नाजूक. पुढे त्याने जाळ्यासाठी काढलेल्या कर्जाचं आणि आई रात्री हिशेब करते त्याचंही सांगितलंय. तो भाग उत्तम आहे. पण समोर अख्खा गाव असणार. मी काढून टाकू का? तसा अधिकार मला आहे का?

प्रतिसाद १

बाय, मी कुडाळच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. लिहून घेतलंस ते योग्यच केलंस. सांगणं आणि अक्षरं काढणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि बऱ्याच मुलांचं पहिलं दुसऱ्यात अडकून मरतं. आपल्या दशावतारी कलाकारांपुढे लिहिलेली संहिता नसते, तरी राजाचं भाषण रंगतंच ना? या मुलांनी तेच ऐकलंय.

पण तिथे थांबू नको. तू लिहिलेला कागद त्याला मोठ्याने वाचायला लाव, हातात पेन्सिल देऊन. 'मी असा नाय म्हटलंय' असं म्हणून त्याने एक जरी शब्द खोडला तरी समज काम झालं. मग त्यालाच स्वच्छ प्रत काढू दे. पुढच्या वेळी पहिल्या चार ओळी तू घे, पाचवी त्याची. मॅडमना हे दाखव, त्यांची काळजी मिटेल.

भाषेचं म्हणशील तर २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलंय. कार्यकारिणीपुढे हे ठेव. शुद्धलेखन जरूर तपासा, पण त्याला शेजारी बसवून. त्याच्या पाठीमागे एक वेलांटीही बदलू नका.

प्रतिसाद २

मी रत्नागिरीत मुलांच्या हस्तलिखिताचं काम करते. कर्जाच्या भागाबद्दल: तू काढू नकोस आणि ठेवूही नकोस, त्याला विचार. एकट्याला, बाकीची मुलं पाण्याला गेल्यावर. 'हे कोणी कोणी वाचलं तर चालेल?' एवढंच. मुलं याचं उत्तर फार नेमकं देतात. तो हो म्हणाला तरी समारोपाच्या आधी आईला दाखव, कारण हिशेब तिचा आहे. नको म्हणाली तर तो भाग त्याच्या वहीत राहू दे, हस्तलिखितात रापण जाऊ दे. वगळलं म्हणजे फेकलं असं त्याला वाटता कामा नये, हे तोंडाने सांग.

आणि एक, विचारलं नाहीस तरी सांगते. एखाद्या मुलाने मारहाणीचं किंवा अंगाला हात लावण्याचं काही लिहिलं, तर 'कोणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नकोस. त्याच दिवशी मॅडमना सांग. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे, फोन फुकट लागतो, रात्रीही. मदतनिसाने असलं ओझं एकटीने वाहायचं नसतं.

हसण्याबद्दल: त्याचं वाचन पहिलं ठेवू नका. आधी मॅडमनी दोन वाक्यांत रापणीबद्दल गंभीरपणे बोलावं, मग त्याने वाचावं. लोकांना कसं ऐकायचं ते कळतं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. सर, तुमचं ऐकून आज त्याच्या हातात पेन्सिल दिली. त्याने 'सगळे' खोडून तिथे 'बायलमाणसा पण' असं घातलं, कारण मासळी न्यायला आलेल्या बायकाही ओरडतात, ते मी धरलंच नव्हतं. स्वच्छ प्रत तो घरी काढतोय. मॅडमनी कागद पाहिला आणि मालवणी तशीच ठेवायला कार्यकारिणीशी स्वतः बोलणार म्हणाल्या.

कर्जाबद्दल त्याला विचारलं. 'आवशीक इचारतंय' म्हणाला, म्हणजे आईला विचारतो.

अजून एक राहिलं. एक जूनपासून यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी, त्याआधी होड्या वर ओढून झापांनी (माडाच्या विणलेल्या झावळ्यांनी) शाकारायची घाई, त्यामुळे बरेचसे बाबा समारोपाला येणार नाहीत. समारोप संध्याकाळी किनाऱ्यावरच ठेवला तर? माइकशिवाय मुलांचा आवाज वाऱ्यात पोचतो का, कुणी असं केलंय का?