टॉमी जॉन सर्जरी (कोपराचं ऑपरेशन) झाली की पिचरचा, म्हणजे बॉल टाकणाऱ्याचा, हात आणखी जोरात चालतो, हे खरं आहे का?

जर्सीकर_बाबा:
नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत असतो, मुलगा 12 वर्षांचा, तीन वर्षं बेसबॉल खेळतोय आणि आता टीमचा मेन पिचर आहे. मी जन्मभर क्रिकेट बघितलेला माणूस, बेसबॉल पोरामुळेच शिकलो. गेल्या शनिवारी मॅच संपल्यावर गाडीत त्याने पाण्याची बाटली उजव्या हाताने उचलली आणि लगेच डाव्या हातात घेतली, बोलला काहीच नाही. घरी आल्यावर खोदून विचारलं तेव्हा म्हणाला कोपराच्या आतल्या बाजूला दुखतंय, दोन आठवडे झाले. माझ्या पोटात गोळाच आला. कोचशी बोललो तर ते म्हणाले काळजी करू नका, अगदीच वेळ आली तर टॉमी जॉन सर्जरी असते, पोरं त्यातून आणखी फास्ट होऊन परत येतात, स्वतः टॉमी जॉन पण ऑपरेशननंतरच जास्त मॅचेस जिंकला. बाजूला उभे असलेले दोन-तीन आईबाप माना डोलावत होते. हा माणूस नेमका कोण, आणि त्याच्या करिअरमध्ये खरंच असं झालं का?

डावखुरा:
ऑपरेशननंतर तो जास्त मॅचेस जिंकला हे खरं आहे, त्यातून काढलेला अर्थ साफ चूक आहे. जरा सविस्तर लिहितो कारण हा माझा फार आवडता पिचर आहे.

टॉमी जॉन इंडियानातल्या टेरे होटचा, डावखुरा. 1963 ला क्लीव्हलंडकडून सुरुवात, मग शिकागो व्हाइट सॉक्स, 1972 पासून लॉस एंजेलिस डॉजर्स. हा कधीच वेगाचा पिचर नव्हता हे आधी लक्षात घ्या. त्याचं हत्यार सिंकर, म्हणजे बॉल बॅटरपाशी येता येता खाली बसतो, बॅट बॉलच्या वरच्या अंगाला लागते आणि बॉल जमिनीवरून सरपटत फिल्डरच्या ग्लोव्हमध्ये. 1974 ला तो जबरदस्त फॉर्मात होता, 13 जिंकल्या आणि 3 हरल्या, आणि जुलैमध्ये माँट्रियल एक्स्पोजविरुद्ध टाकता टाकता कोपरातलं लिगामेंट (हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारा पट्टा) गेलं. 25 सप्टेंबरला डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या मनगटातला टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) काढून डाव्या कोपरात बसवला. पिचरवर असं आधी कोणी केलंच नव्हतं, परत खेळायची शक्यता शंभरात एक असं जोब म्हणाले होते. त्यानंतर नर्व्हचा त्रास सुरू झाला, बोटं पंज्यासारखी आखडली, म्हणून परत ऑपरेशन. 1975 चं अख्खं वर्ष गेलं. 1976 च्या एप्रिलमध्ये तो माउंडवर (पिचर उभा राहतो त्या उंचवट्यावर) आला आणि त्या सीझनला 10 जिंकल्या, 10 हरल्या.

आता तुमच्या कोचचा मुद्दा. एकूण विजय 288, त्यातले 124 आधीचे आणि 164 नंतरचे. पण आधी तो 12 सीझन खेळला आणि नंतर 14! 46 व्या वर्षापर्यंत खेळत होता, 1989 ला थांबला. 1977 ला 20, यांकीजकडे गेल्यावर 1979 ला 21 आणि 1980 ला 22 विजय, हे त्याचे सोन्याचे दिवस खरेच, पण ते सिंकरच्या आणि कंट्रोलच्या जिवावर. तो स्वतःच सांगायचा की मी डॉक्टरांना सँडी कोफॅक्सचा (डॉजर्सचा वेगवान पिचर) फास्टबॉल बसवा म्हणलं होतं, त्यांनी बसवला पण मिसेस कोफॅक्सचा. ऑपरेशनने हात जोरात झाला असता तर तो असं कशाला म्हणाला असता. आणि एवढं करून हॉल ऑफ फेम (दिग्गज खेळाडूंचा सन्मान) अजून नाहीच, ज्या डिक ॲलन या बॅटरच्या बदल्यात डॉजर्सनी त्याला घेतलं तो 2025 ला आत गेला, मला हे अजिबात पटत नाही.

फिजिओ_ताई:
मी फिजिओथेरपिस्ट आहे म्हणून लिहिते. क्रिकेटच्या बोलिंगमध्ये कोपर जवळपास सरळ असतं, बेसबॉलमध्ये हात कोपरात वाकून मागे जातो आणि मग झटक्यात पुढे येतो, त्या क्षणी सगळा ताण आतल्या बाजूच्या लिगामेंटवर. जोबनी वापरलेला टेंडन तुम्ही आत्ता बघू शकता, अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा आणि मनगट थोडं आत वाकवा, मधोमध दोरीसारखी शीर वर येते (रक्तवाहिनी नाही) तोच. काहींना तो जन्मतःच नसतो आणि काही बिघडत नाही, म्हणूनच तो काढून वापरता येतो. तो लावला की फक्त तुटलेली जागा भरते, कोपर मूळच्यापेक्षा भारी होत नाही. परत आल्यावर काही जण फास्ट टाकतात ते वर्ष-दीड वर्ष खांदा, पाठ, पाय यांचा व्यायाम नीट केल्यामुळे. आणि महत्त्वाचं म्हणजे दादा, 12 व्या वर्षी दुखतं ते बहुतेक लिगामेंट नसतंच, तिथलं हाड अजून वाढतंय, त्याची ग्रोथ प्लेट (हाड वाढतं ती कूर्चेची जागा) लिगामेंटपेक्षा नाजूक असते आणि आधी तीच ओढली जाते. आधी फेकणं बंद करा आणि मुलांच्या ऑर्थोपेडिककडे न्या. तो दोन टीम्समधून खेळतो का? दोन्हीकडचे पिच, म्हणजे टाकलेले बॉल, एकत्र कोणी मोजतं का?

सोलापूर_टू_शिकागो:
कोफॅक्सचं नाव निघालंच आहे तर, तो पण डॉजर्सचाच. 1966 ला 27 मॅचेस जिंकला आणि त्याच नोव्हेंबरमध्ये 30 व्या वर्षी रिटायर झाला कारण कोपराचा आर्थ्रायटिस, कॉर्टिसोनची (सूज कमी करणारं औषध) इंजेक्शनं घेऊन आणि मॅचनंतर कोपर बर्फात बुडवून खेळत होता. सर्जरीनंतरचं बघायचं तर स्टीफन स्ट्रासबर्ग, 2010 ला पहिल्याच मॅचमध्ये 14 स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटर बाद) आणि त्याच वर्षी टॉमी जॉन. परत आला, 2019 ला वर्ल्ड सिरीजचा (सीझनच्या फायनलचा) एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, आणि त्यानंतर पुढच्या सगळ्या वर्षांत मिळून फक्त 8 मॅचेसमध्ये सुरुवातीचा पिचर म्हणून उतरू शकला. तुमच्या कोचना ही दोन नावं पण सांगा.

जर्सीकर_बाबा:
सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचा प्रश्न बरोबर लागला, शनिवारी एक टीम आणि रविवारी दुसरी, मोजणी वेगवेगळी, आणि मी एकदाही बेरीज केली नव्हती. डॉक्टरांकडे जाऊन आलो, एक्स-रेमध्ये ग्रोथ प्लेट थोडी रुंद दिसली, सहा आठवडे बॉल फेकायचा नाही, मग हळूहळू सुरुवात. लिटल लीगचे (मुलांच्या बेसबॉलची संस्था) नियम पण नीट वाचले, त्याच्या वयाला दिवसाला 85 पिच, 66 च्या वर गेलं की चार दिवस विश्रांती, 51 ते 65 ला तीन. अंगठा-करंगळीचं त्याला करून दाखवलं, डाव्या हाताला शीर आली, उजव्याला नाहीच, तेव्हापासून येईल त्याला मनगट दाखवतोय. टॉमी जॉनची गोष्ट सांगितली तर त्याचा पहिला प्रश्न, तो सिंकर बोटं कशी ठेवून टाकायचा. काल मॅचला डगआउटमध्ये (टीमच्या बाकावर) पिच मोजायचा क्लिकर घेऊन बसला होता, दुसरा मुलगा पिच करत होता, 50 झाले तसा उठला आणि कोचना जाऊन सांगून आला.