लिंकनच्या पायाशी बसलेला तो माणूस... हा पुतळा कसा बघायचा?

रानवारा
आम्ही सध्या वॉशिंग्टनला असतो. घराजवळ लिंकन पार्क आहे, रविवारी लेकीला घेऊन गेले होते. तिथे ब्राँझचा मोठा पुतळा आहे, लिंकन उभा, एका हातात गुलामगिरी संपवणारा जाहीरनामा, दुसरा हात पुढे, आणि त्या हाताखाली कमरेला फडकं गुंडाळलेला एक कृष्णवर्णीय माणूस गुडघ्यावर. खाली मोठ्या अक्षरात 'इमॅन्सिपेशन', म्हणजे मुक्ती. लेक म्हणाली, आई याला सोडवलंय ना, मग हा अजून खाली का बसलाय? मला काही सांगताच आलं नाही, आणि खरं सांगायचं तर तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये. कोणाला माहिती असेल तर प्लीज लिहा.

जुनी_पायवाट
लेकीने अगदी नेमकं विचारलंय ताई. हाच आक्षेप फ्रेडरिक डग्लस यांचा होता, जे स्वतः गुलामीतून पळून सुटले होते. १४ एप्रिल १८७६ ला या पुतळ्याचं अनावरण झालं तेव्हा मुख्य भाषण त्यांचंच होतं, आणि लगेच काही दिवसांनी त्यांनी पेपरात पत्र लिहिलं की मरायच्या आधी मला आमच्या माणसाचा असा पुतळा बघायचाय जो चार पायांच्या जनावरासारखा वाकलेला नसेल, दोन पायांवर ताठ उभा असेल. हे पत्र विस्मरणात गेलं होतं, २०२० मध्ये अभ्यासकांना परत सापडलं.
आणि मला सगळ्यात जास्त लागतं ते हे की पैसा सुटलेल्या गुलामांचाच होता! शार्लट स्कॉट नावाच्या बाईने लिंकन गेल्याचं कळलं त्या दिवशी स्वतंत्र झाल्यावरच्या पहिल्या कमाईतले ५ डॉलर दिले, तिथून वर्गणी सुरू झाली, कृष्णवर्णीय सैनिकांनी पगारातून भर घातली. पण पुतळा कसा असावा हे ठरवलं गोऱ्या लोकांच्या कमिटीने. हॅरिएट हॉस्मर या शिल्पकार बाईंचं एक डिझाइन होतं, त्यात विकला जाणारा गुलाम ते बंदूक घेतलेला सैनिक असा प्रवास होता, ते खर्चिक म्हणून मागे पडलं.

ओली_माती
मी शिल्पकला शिकलोय म्हणून थोडं घडणीबद्दल. गुडघे टेकलेला गुलाम ही पोझ या पुतळ्याच्या शिल्पकाराने, टॉमस बॉलने शोधलेली नाही, १७८७ ला इंग्लंडमध्ये वेजवुड या मातीची भांडी बनवणाऱ्या कारखानदाराने गुलामीविरोधी पदक काढलं त्यात साखळदंडातला माणूस हात जोडून गुडघ्यावर आहे, आणि ते इतकं पसरलं की पुढे गुलाम म्हटलं की हाताला तीच पोझ यायला लागली, म्हणजे सहानुभूती मिळाली पण माणूस कायम याचकच राहिला. बॉलने नंतर बदल केला, खऱ्या माणसाचा, गुलामीतून पळालेल्या आर्चर अलेक्झांडरचा फोटो बघून चेहरा केला आणि स्नायू ताणलेले दाखवले. पुढच्या वेळी त्याची आवळलेली मूठ जवळून बघा. साखळी तुटलीय, तो उठायच्या बेतात आहे असं शिल्पकाराला म्हणायचंय, पण वर लिंकन एवढा उंच की लांबून ते कळतच नाही, दिसतो तो फक्त वाकलेला माणूस. आमचे सर सांगायचे, आधी लांबून बघा, लोक लांबूनच बघतात.
आता याच्या शेजारी एडमोनिया लुइसचं १८६७ चं 'फॉरएव्हर फ्री' ठेवून बघा. वडील कृष्णवर्णीय, आई ओजिब्वे आदिवासी, ही बाई रोमला जाऊन संगमरवर कोरत होती. तिचा माणूस उभा आहे! हात वर, मनगटात तुटलेली साखळी, दुसरा हात शेजारच्या बाईच्या खांद्यावर. सोडवणारा कोणी गोरा माणूस शिल्पात नाहीच. ती बाई मात्र गुडघ्यावरच आहे, यावर अजून वाद होतात आणि ते बरोबरच आहे. हे हॉवर्ड युनिव्हर्सिटीच्या संग्रहात आहे, म्हणजे तुमच्याच गावात.

जुनी_पायवाट
अजून एक राहिलं. बोस्टनमधली याचीच प्रतिकृती डिसेंबर २०२० मध्ये काढली. वॉशिंग्टनची आहे, पण १९७४ ला त्याच पार्कात मेरी मॅक्लाउड बेथून या कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बाईंचा पुतळा आला, आणि लिंकनचा पुतळा फिरवून त्यांच्याकडे तोंड करून ठेवला. बेथूनबाई उभ्या आहेत, समोर दोन मुलं. आणि आपल्याकडे जोतीरावांनी 'गुलामगिरी' १८७३ ला, म्हणजे या अनावरणाच्या तीनच वर्षं आधी, अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केली होती, हेही लेकीला सांगा.

रानवारा
खूप खूप आभार दोघांचे. बेथून यांचा पुतळा आम्ही पाहिला होता पण लिंकन त्यांच्याकडे बघतोय हे लक्षातच आलं नाही. लेकीला शार्लट स्कॉटची गोष्ट सांगितली, तर म्हणे तिचा पुतळा कुठे आहे? शनिवारी परत जातोय, आधी मूठ बघायची ठरलीय.