थर्मल पेस्ट बदलल्यावर उतरलेले सहा अंश नेमके कशाचे?

गोदाकाठ : आपल्या नाशिकमध्ये बऱ्याच दुकानांत प्रोसेसर आणि त्यावरचा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) यांच्यामधली, उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट पुसून नवी लावतात आणि ‘आधी ८४, आता ७८’ असे स्क्रीनवरचे आकडे गिऱ्हाइकाला दाखवतात. हे सहा अंश पेस्टच्या खात्यावर जमा करणे मला मान्य नाही. त्याच बैठकीत हीटसिंकमधली धूळ निघालेली असते आणि दुसरे मोजमाप बहुधा कॅबिनेटची बाजू उघडी ठेवूनच घेतलेले असते. खोलीचे तापमान तर कोणी टिपतच नाही. वास्तविक प्रोसेसरच्या आकड्यातून ते वजा केल्याशिवाय डिसेंबरची सकाळ आणि मेची दुपार यांची तुलनाच होऊ शकत नाही.

आता पेस्टच्या पाकिटावरच्या वाहकतेच्या, म्हणजे ती उष्णता किती सहज वाहून नेते त्याच्या, आकड्यांकडे पाहू. प्रोसेसरच्या झाकणाचे क्षेत्रफळ १० चौरस सेंटीमीटर, पेस्टचा थर ५० मायक्रॉन आणि उष्णता १०० वॅट धरली, तर ५ वॅट प्रति मीटर-केल्विन वाहकतेच्या पेस्टमुळे एक अंश वाढतो आणि १० वाहकतेच्या पेस्टमुळे अर्धा. या अर्ध्या अंशासाठी दुप्पट पैसे मोजायचे?

सातपूरकर : गणित बरोबर असले तरी गृहीतक चुकले आहे. झाकणाखालची चिप झाकणापेक्षा पुष्कळ लहान असते, त्यामुळे उष्णता सगळीकडे सारखी पसरत नाही आणि प्रत्यक्षातला फरक तुमच्या उत्तरापेक्षा मोठा निघतो. लॅपटॉपमध्ये तर बहुधा झाकणच नसते. तिथे २ चौरस सेंटीमीटर आणि ४५ वॅट धरले, तर तुमच्याच सूत्राने फरक एक अंशाच्या वर जातो. शिवाय वाळून भेगाळलेल्या पेस्टमध्ये हवा शिरते आणि हवेची वाहकता जेमतेम ०.०२६. तेव्हा सहा अंश उतरले तर त्यात नवल ते काय?

गोदाकाठ : वाळलेली पेस्ट बदलू नये, असे मी म्हटलेलेच नाही. माझा आक्षेप मोजण्याच्या पद्धतीवर आहे. बायॉसमधून (संगणकाच्या मूळ सेटिंगमधून) प्रोसेसरच्या वॅटची मर्यादा ठरवावी, पंख्याचा वेग कायम ठेवावा, हवा आत शिरते तिथे थर्मामीटर लावावा आणि अर्धा तास भार देऊन मगच आकडा टिपावा. त्यानंतर तीच पेस्ट पुसून पुन्हा लावावी, कारण स्क्रूच्या दाबानेही आकडा हलतो. हा हेलकावा दोन पेस्टमधल्या फरकाएवढाच असेल, तर त्या चाचणीतून काहीच सिद्ध होत नाही.

इंदिरानगर : पण तापमान हीच कसोटी का मानायची? एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतले बरेच प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जाण्याच्या हिशेबानेच बनवलेले आहेत. त्यांत पेस्ट सुधारली, तरी आकडा तिथेच राहून क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा वेग, वाढू शकतो. २०१७ चा रायझन १८००एक्स तर पंख्याच्या नियंत्रणासाठी खऱ्या तापमानात २० अंश मिळवून सांगत असे. मी क्लॉक पाहतो.

सातपूरकर : वॅट बांधले की क्लॉकही जवळजवळ बांधला जातो, म्हणून या दोन कसोट्या एकाच वेळी लावता येत नाहीत. पेस्ट पारखायची असेल तर वॅट बांधावे. आपले मशीन किती धावते हे पाहायचे असेल तर मोकळे सोडावे. दुकानात अर्धा तास कोणी थांबणार नाही, हे उघड आहे. निदान कॅबिनेट बंद करून दुसरा आकडा दाखवा, एवढे तरी गिऱ्हाइकाने सांगावे.