पोस्टी मोजून कोणी बागायतदार होतो का?

काटोलरोड (कलम, २१४ पोस्टी)
आपल्या या संत्रा फोरमवर पोस्टी वाढतात तसं नावापुढे रोप, मग कलम, मग बागायतदार लागते. बहारासाठी झाडांचं पाणी तोडतो त्या ताणाच्या धाग्यावर परवा एका बागायतदारानं लिहिलं, "नावापुढे रोप आहे त्यांनी आधी हजार पोस्टी कराव्या, मग सल्ले द्यावे." दोन दिवस गप्प बसलो. आता राहवत नाही.

मागच्या फेब्रुवारीत माझ्या सहा वर्षांच्या झाडांच्या बुंध्याशी डिंक दिसला. इथं विचारलं. दहा मिनिटांत तीन हजार पोस्टींच्या बागायतदाराचं उत्तर, "झाड उपाशी आहे, युरिया द्या, पाणी वाढवा." वाढवलं. दोन दिवसांनी चार पोस्टींच्या एका रोपानं विचारलं, "आळ्यातलं पाणी खोडाला लागते का? बुंध्याचा फोटो टाका." तो डिंक्या होता, म्हणजे बुंध्याची साल सडवणारा रोग. सडलेली साल चाकूनं खरवडा, एक किलो मोरचूद, एक किलो चुना नि दहा लिटर पाण्याची बोर्डो पेस्ट लावा, खोड कोरडं राहील असं डबल रिंगचं आळं करा, सगळं त्यानं सांगितलं. मी तीन आठवडे ऐकलं नाही, कारण त्याच्या नावापुढे रोप लिहिलं होतं. नऊ झाडं गेली. साल हातानं सोलून निघत होती, आत तपकिरी लगदा नि आंबूस वास.

कळमना_मंडी (बागायतदार, ३,४०६ पोस्टी)
तो युरियावाला मी नाही, आधीच सांगतो. पण रात्री अकराला मोटार चालू करून येऊन इथं कोण उत्तरं लिहिते? आम्हीच ना? आठ वर्षं झाली. नवीन माणूस येतो, चार पोस्टी टाकतो, टॉनिकची बाटली खपवतो नि गायब होतो. अशाच एका रोपाच्या सांगण्यावरून माझ्या साळ्यानं आंबिया, म्हणजे उन्हाळ्याआधीच्या बहारात फवारणी केली, फळं बोराएवढी असतानाच गळून गेली. विचारायला गेलो तर खातंच बंद. पोस्टींचा आकडा म्हणजे माणूस उद्याही इथंच सापडेल याची हमी. ती काहून नको तुम्हाला?

मिहान_नाईटशिफ्ट (कलम, १६७ पोस्टी)
दादा, हमी हवीच, पण आकडा चुकीच्या गोष्टीचा मोजून राहिलो आपण. इथं "छान", "धन्यवाद", "शुभ सकाळ" हीसुद्धा पोस्टच. स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रामरांची प्रश्नोत्तरांची साइट २००८ पासून चालते, तिथं नुसतं उत्तर लिहून काहीच मिळत नाही. दुसऱ्यानं पसंत केलं तर १० गुण, विचारणाऱ्यानं स्वीकारलं तर १५, नापसंत केलं तर २ वजा. डिस्कोर्स या फोरमच्या सॉफ्टवेअरमध्ये तर वाचनही मोजतात. पहिल्या पायरीला पाच धागे उघडायचे, तीस पोस्टी वाचायच्या, दहा मिनिटं वाचनात घालवायची. तिसरी पायरी टिकवायला शंभरातले पन्नास दिवस यावं लागते, नाही तर खाली उतरवतात. आपल्याकडे एकदा बागायतदार झाला की मरेपर्यंत बागायतदार, बाग विकली तरी.

नरखेडची_सून (रोप, ३८ पोस्टी)
काटोलरोडभाऊ, पण कलमं कोणत्या खुंटावरची, म्हणजे खालच्या मुळाच्या झाडावरची होती? जंबेरी लिंबाचा खुंट असेल तर डिंक्याचा धोका जास्त. आम्हाला नर्सरीवाल्यानं रंगपूर लिंबाचा खुंट सांगून जंबेरीवरची दिली. पावतीवर काय? फक्त "संत्रा कलम, ४०० नग".

सावनेर_जुनी_बाग (बागायतदार, १,१२० पोस्टी)
जंबेरीला नावं ठेवायची फॅशनच झाली. आमच्या वडिलांची बाग जंबेरीवर तीस वर्षं टिकली. दोष खुंटाचा नाही, मातीत गाडलेल्या डोळ्याचा, म्हणजे कलमाच्या जोडाचा आहे. डोळा जमिनीच्या वीतभर वर पाहिजे. तुम्ही खोल लावता नि खुंटाला शिव्या देता.

नरखेडची_सून
काका, मी स्वतः लावलीत ती झाडं, टेप घेऊन. डोळा वीतभर वरच होता. तुमची माती हलकी, आमची चिबड काळी, पाणी दोन-दोन दिवस मुरत नाही. अशा जमिनीत जंबेरीची मुळं सडतात, रंगपूर जास्त तग धरते. लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था इथं नागपुरातच आहे, कोणालाही विचारा. "तुम्ही" म्हणताना एकदा विचारत तर जा समोरच्यानं काय केलं ते.

सावनेर_जुनी_बाग
आवाज चढवायचं काम नाही. अडतीस पोस्टींत...

काटोलरोड
हेच! हेच म्हणून राहिलो मी! काका, तिनं मातीचं सांगितलं, तुम्ही पोस्टी मोजल्या.

नरखेडची_सून
आणि अडतीसच का, ते सांगते. दिवसभर निंदण, बहारात मजुरांचा स्वयंपाक, रात्री लेकराचा अभ्यास. फोन हातात येतो तो साडेदहाला. मी वाचते सगळं. तीन वर्षांपासून एकूण एक धागा वाचला. ते कुठंच लिहून येत नाही.

कळमना_मंडी
ताईचं हे मला पटलं. आकडा काढून टाका असं मी अजूनही म्हणणार नाही, टॉनिकवाल्यांना दार मोकळं होईल. पण नावापुढे "बागायतदार" लिहिण्याऐवजी किती वर्षांपासून आहे नि बाग कुठं, किती झाडं, जमीन कशी, एवढं दिसलं तर माझी हरकत नाही. युरियावाल्याची माती दिसली असती तर काटोलरोडनं दोनदा विचार केला असता, तेवढं मान्य.

सावनेर_जुनी_बाग
माझी माती मुरमाड आहे. चिबडीत जंबेरी मी लावलेली नाही, ते कबूल. मोजणीचं काय करायचं ते तुम्ही पाहा. ताई, झाडं किती गेली तुमची?

नरखेडची_सून
चारशेतली एकसष्ट. उरलेल्यांना पावसाळ्याआधी नि नंतर पेस्ट लावतो. त्या चार पोस्टीवाल्या भाऊंचा जुना धागा वाचूनच शिकले. ते परत आले नाहीत इथं.

काटोलरोड
मी त्यांना निरोप पाठवला होता. उत्तर आलं, "हजार पोस्टी करायला वेळ नाही भाऊ, नर्सरीत कलमांचे डोळे भरायचे आहेत." तुम्ही पत्ता मागाल तर त्यांना विचारून देतो. रंगपूरवरचीच कलमं असतात त्यांची, खुंट मी स्वतः पाहून आलो.