रॉबिनचं होकायंत्र कोणत्या विषयाचं? (चर्चा)

पाखरू

ओळखीतल्या एका मुलीचा पीएचडीचा प्रस्ताव गेल्या आठवड्यात परत आला. विषय होता पक्ष्यांना दिशा कशी कळते हा. प्राणिशास्त्राच्या समितीनं सांगितलं, यात क्वांटम भौतिकी फार आहे, तिकडे विचारा. भौतिकशास्त्रवाल्यांनी सांगितलं, जिवंत पक्षी असतील तर आमच्याकडे सोय नाही. ती आता दोन बंद दारांच्या मधे उभी आहे. मला मनापासून राग आलाय, म्हणून लिहितोय.

माझं म्हणणं असं की आजचे सगळ्यात मोलाचे प्रश्न कुठल्याच एका विषयाचे नाहीत, आणि संशोधनाचे पैसे विषयवार वाटण्याची पद्धत त्या प्रश्नांचा गळा घोटते. उदाहरण तिच्याच विषयातलं देतो.

युरोपियन रॉबिन हा चिमणीएवढा पक्षी (दयाळाला इंग्रजीत रॉबिन म्हणतात, तो हा नव्हे). रात्री एकटा स्थलांतर करतो. स्थलांतराचा मोसम आला की पिंजऱ्यातही तो बेचैन होतो आणि ज्या दिशेनं जायचं त्याच बाजूला पुन्हा पुन्हा झेप घेतो. 1966 साली यासाठी एक साधी युक्ती निघाली. टिपकागदाचं मोठं नसराळं करायचं, तळाशी शाईचा पॅड ठेवायचा आणि पक्षी आत सोडायचा. पक्षी उडी मारतो, शाईचे पाय कागदावर घसरतात, पुन्हा तळाला येतो. सकाळी कागद उलगडला की एका बाजूला पावलांचे दाट काळे फराटे दिसतात. भोवती तारेची वेटोळी लावून चुंबकक्षेत्र फिरवलं, तर फराटेही त्या बेतानं फिरतात. 1960 आणि 70च्या दशकांत वोल्फगांग विल्टश्को यांनी रॉबिनवर हे दाखवून दिलं. वर हेही दाखवलं की पक्ष्याला उत्तर-दक्षिण कळतच नाही, त्याला चुंबकरेषा जमिनीशी किती कललेली आहे ते कळतं. पुढे आणखी एक विचित्र गोष्ट सापडली. निळ्या-हिरव्या उजेडात पक्षी बरोबर दिशा धरतो, निव्वळ लाल उजेडात गोंधळतो. होकायंत्राच्या सुईला उजेडाशी काय देणंघेणं?

याचं उत्तर पक्षितज्ज्ञाकडून आलं नाही. 1978 साली क्लाउस शुल्टेन या भौतिकीतल्या माणसानं सहकाऱ्यांबरोबर सुचवलं की उजेडानं एखाद्या रेणूत सुटे पडलेले दोन इलेक्ट्रॉन असतील, तर त्यांच्या स्पिनवर (इलेक्ट्रॉनला चिमुकल्या चुंबकासारखं वागायला लावणारा गुण) पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राचा परिणाम होऊ शकतो. तेव्हा तसा रेणूच कोणाला माहीत नव्हता. क्रिप्टोक्रोम हे निळा प्रकाश टिपणारं प्रथिन 1993 साली सापडलं, तेही एका रोपट्यात. 2000 साली शुल्टेन आणि थॉर्स्टन रिट्झ यांनी या दोन गोष्टी जोडल्या, आणि 2021 साली खुद्द रॉबिनच्या डोळ्यातलं क्रिप्टोक्रोम-4 प्रयोगशाळेत बनवून ते चुंबकक्षेत्राला प्रतिसाद देतं हे दिसलं. पक्षी, वनस्पती, रसायन, क्वांटम आणि संगणक, यातला एक काढा, गोष्ट अर्धी राहते. मग त्या मुलीला "तुमचा विभाग कुठला" हे विचारणं अडाणीपणाचं नाही का?

परीक्षानळी

गोष्ट सुंदर सांगितलीत, पण निष्कर्ष मला पटत नाही. त्याच विषयातली दुसरी गोष्ट ऐका, जी तुम्ही वगळलीत.

कबुतराच्या वरच्या चोचीत लोहकण असलेल्या मज्जातंतूंची टोकं आहेत आणि तेच होकायंत्र, असं अनेक वर्षं मानलं जात होतं. ऐकायला फार गोड. भौतिकी आली, लोहाचं रसायन आलं, प्राणी आला. पाठ्यपुस्तकांपर्यंत पोचलं. मग 2012 साली डेव्हिड कीज यांच्या गटानं कंटाळवाणं वाटेल असं काम केलं. चोचींचे पातळ काप घेतले, प्रशियन ब्लूनं रंगवले (पोटॅशियम फेरोसायनाइड लोहाला भेटलं की गडद निळं होतं) आणि निळ्या पेशी मोजल्या. पक्ष्यागणिक आकड्यांत प्रचंड तफावत. इंद्रियाच्या पेशी अशा वाट्टेल तितक्या नसतात. खोलात गेल्यावर कळलं की त्या मॅक्रोफेज आहेत, जुन्या रक्तपेशी गिळून लोह साठवणाऱ्या भक्षक पेशी. मज्जातंतूंशी संबंध नाही.

हे कोणी ओळखलं? ज्यांना ऊतींचे काप आणि पेशींची ओळख हाच आपला धर्म वाटतो त्यांनी. सीमेवर उभं राहून चार विषयांकडे कौतुकानं बघणाऱ्यांनी नाही.

मी स्वतः पाच वर्षं फ्लेविन (निळा उजेड शोषणारा पिवळा रेणू) असलेली प्रथिनं शुद्ध करण्यात काढली. क्रिप्टोक्रोममध्येही तेच फ्लेविन असतं. 4 अंशांच्या थंड खोलीत, मिणमिणत्या लाल दिव्यात काम, कारण निळा उजेड पडला की आपण मोजण्याआधीच क्रिया सुरू. शुद्धीकरणाच्या स्तंभातून पिवळा पट्टा खाली उतरताना दिसला की जीव भांड्यात पडतो. आणि गाळणीखालचं पाणी पिवळं दिसलं की समजायचं, फ्लेविन प्रथिनाला सोडून गेलं, महिना वाया. हे हात यायला वर्षं लागतात. चार विषय थोडे थोडे शिकलेल्या विद्यार्थ्याला ते कधी येणार? 2021च्या त्या कामातलं प्रथिन कोणीतरी असंच बसून बनवलं आहे. म्हणून विभाग हवेत. ते हात घडवतात.

शून्य-एक

परीक्षानळी, हातांबद्दल शंभर टक्के सहमत. पण तुमच्या दोघांच्या लिखाणात संगणक म्हणजे शेवटी बोलावलेला कारकून वाटतो. तसं नाही.

हिशेब करून बघा. दोन इलेक्ट्रॉनांच्या स्पिनच्या 4 अवस्था. आसपासचा प्रत्येक हायड्रोजन अणुगर्भ तो आकडा दुप्पट करतो, नायट्रोजन तिप्पट. नुसते 20 हायड्रोजन धरले तरी 41,94,304 अवस्था. पूर्ण घनता-मॅट्रिक्स (या सगळ्या अवस्थांच्या जोड्यांचा तक्ता) साठवायचं तर त्याचा वर्ग, प्रत्येक संख्येला 16 बाइट, म्हणजे साधारण 280 टेराबाइट. फक्त साठवायला, गणित पुढेच. त्यामुळे कुठले अणुगर्भ ठेवायचे आणि कुठले सोडायचे हे ठरवावं लागतं. हा निर्णय नुसतं प्रोग्रामिंग येणारा घेऊ शकत नाही, आणि नुसतं रसायन येणाराही घेऊ शकत नाही.

आणि या आकडेमोडीतून भाकीत निघतं. होकायंत्र खरंच फ्लेविनच्या स्पिनवर चालत असेल, तर रेडिओलहरींनी ते बिघडावं, पण वारंवारतेच्या एका मर्यादेपर्यंतच. गणितानं ती मर्यादा 116 मेगाहर्ट्झच्या आसपास सांगितली. ब्लॅककॅप या पक्ष्यावर प्रयोग झाले. 75 ते 85 मेगाहर्ट्झला पक्षी भरकटले, 140 ते 150ला त्यांनी दिशा बरोबर धरली. कागदावरच्या मॅट्रिक्समधून निघालेला आकडा आणि नसराळ्यातले पावलांचे फराटे एकमेकांशी जुळतात, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुर्चीतून उठून फेऱ्या मारल्या होत्या.

मी पाखरूंच्या बाजूनं.

लघुकोन

माझी अडचण पाखरू आणि परीक्षानळी दोघांशीही आहे.

आधी भौतिकीबद्दल सावधगिरी. पृथ्वीचं क्षेत्र सुमारे 50 मायक्रोटेस्ला. एका रेणूवर त्याची ऊर्जा उष्णतेच्या धडपडीपुढे लाखो पटींनी क्षुल्लक. तरी परिणाम शक्य आहे, कारण इथे ऊर्जेचा ढकला लागत नाही. डोंगरमाथ्यावर पडणारा थेंब झुळकेनं बोटभर सरकला तर वेगळ्याच नदीला मिळतो, तसं काहीसं. पण 2021च्या प्रयोगात वापरलेली क्षेत्रं मिलिटेस्लातली होती, पृथ्वीच्या कितीतरी पट. आणि प्रथिन द्रावणात होतं, डोळ्यात नव्हे. रॉबिनच्या प्रथिनाचा प्रतिसाद कबुतराच्या आणि कोंबडीच्या प्रथिनापेक्षा जास्त होता हे महत्त्वाचंच, प्रथिनात इलेक्ट्रॉन पुढे सरकवणाऱ्या साखळीतले ट्रिप्टोफॅन (एक अमिनो आम्ल) बदलल्यावर परिणाम घटला हेही. तरी "उत्तर मिळालं" म्हणायची वेळ आलेली नाही.

आता मुद्द्यावर. सीमेवरच्या शोधाचं याहून भक्कम उदाहरण म्हणजे स्क्विडचा मज्जातंतू. 1936 साली जे. झेड. यंग या प्राणिशास्त्रज्ञानं ओळखलं की स्क्विडच्या अंगातली ती जाडजूड नळी रक्तवाहिनी नसून एकच मज्जातंतू आहे. जाडी मिलिमीटरच्या घरात. म्हणजे विजेचा दाब मोजायला आत तार घालता येते! हॉजकिन आणि हक्सली यांनी 1939 साली ती घातली, आणि लगेच युद्ध सुरू झालं. हॉजकिन रडारवर गेले. परत येऊन, व्होल्टेज बांधून ठेवायचं तंत्र वापरून, 1952 साली त्यांनी मज्जासंदेशाची समीकरणं मांडली. ती सोडवायला केंब्रिजचा संगणक हवा होता, पण दुरुस्तीसाठी तो सहा महिने बंद. हक्सली यांनी हातानं फिरवायच्या ब्रुन्सविगा गणनयंत्रावर तीनेक आठवडे हँडल फिरवलं. उत्तर आलं, मज्जासंदेशाचा वेग सेकंदाला 18.8 मीटर. मोजलेला वेग 21.2.

यात प्राणिशास्त्र, भौतिकी, रसायन आणि गणित असे चारही विषय आहेत. पण माणसं बघा. त्यांनी गणिताला कुठून माणूस मागवला नाही. इलेक्ट्रॉनिक्स, सोडियम-पोटॅशियमचं रसायन, समीकरणं, सगळं त्या दोन डोक्यांत होतं. त्यामुळे माझ्या मते भांडण विभाग विरुद्ध सीमा असं नाहीच. चार तज्ज्ञ एका खोलीत बसवून काम होत नाही, एका माणसानं दुसरा विषय पहिल्याइतकाच मुळापासून शिकावा लागतो. त्याला दहा वर्षं लागतात. पाखरू, तुमच्या ओळखीतल्या मुलीची ती तयारी आहे का?

पाखरू

तयारी आहे. ती भौतिकीत एमएस्सी करून तीन मोसम पक्ष्यांच्या पायांत ओळखीचे वाळे घालायला जातेय. पण ती दहा वर्षं तिला कोण देणार? लघुकोन, त्या दोघांना ती मोकळीक मिळाली होती. तुम्ही सांगता ती माणसं घडावीत म्हणून तरी कुठलं तरी दार उघडं हवं ना?

परीक्षानळी, कबुतराच्या चोचीची गोष्ट मी वगळली हे खरं, आणि वगळायला नको होती. पण मीही एक सांगतो. ओल्डेनबर्ग विद्यापीठात हेन्रिक मौरिट्सन यांच्याकडे रॉबिन आले, लाकडी झोपड्यांत नसराळी लावली, आणि पक्ष्यांना दिशाच लागेना. वर्षानुवर्षं. आहार बदलला, उजेड बदलला, काही नाही. शेवटी कोणीतरी सुचवलं की झोपड्यांना आतून ॲल्युमिनियमचे पत्रे लावू आणि ते जमिनीशी जोडू (अर्थिंग करू). पत्रे जोडले की पक्षी बरोबर दिशा धरत, जमिनीची जोडणी काढली की पुन्हा भरकटत. विद्युत उपकरणांचा, एएम रेडिओच्या पट्ट्यातला क्षीण गोंगाट त्यांना आंधळं करत होता. 2014 साली हे प्रसिद्ध झालं. निव्वळ पक्षितज्ज्ञ असता तर त्यानं "हे पक्षी आजारी आहेत" म्हणून सोडून दिलं असतं.

परीक्षानळी

हे उदाहरण चांगलं आहे, मान्य. पण तेच माझ्याही बाजूनं बोलतं. पक्ष्याची रोजची वागणूक इतकी ठाऊक असलेला माणूस तिथे होता, म्हणूनच "काहीतरी बिघडलंय" हे कळलं. नवख्याला तो निकालच वाटला असता: रॉबिनला होकायंत्र नाही.

लघुकोन

आणि त्यात माझ्यासाठी एक काटा आहे. तो गोंगाट इतका क्षीण होता की आज हातात असलेल्या स्पिनच्या गणितातून तो परिणाम नीट निघत नाही. पक्षी आमच्या समीकरणांपेक्षा जास्त संवेदनशील आहे. म्हणजे एकतर समीकरणात काहीतरी राहिलंय, नाहीतर रेणू वेगळाच आहे.

शून्य-एक

मग तिचा प्रस्ताव हाच असू द्या ना. पक्षी कुठल्या वारंवारतेला किती क्षीण गोंगाटानं भरकटतो याचा नकाशा काढायचा, आणि कुठले अणुगर्भ धरल्यावर गणित त्या नकाशाशी जुळतं ते बघायचं. मॉडेलचा भाग मी फुकट बघून देईन.

परीक्षानळी

विभागांबद्दलचं मत मी बदललेलं नाही. तिनं एका विभागात नाव घालावं, आणि तो प्राणिशास्त्राचा असावा, कारण पक्षी सांभाळायची शिस्त दुसरीकडे मिळणार नाही. पण रसायनाचा सहमार्गदर्शक लागला तर प्रस्ताव मला पाठवा. थंड खोलीत लाल दिव्याखाली कसं काम करतात ते मी तिला शिकवीन. पहिले सहा महिने ती फक्त पिवळं पाणी वाया घालवेल, हे आधीच सांगून ठेवा.

पाखरू

आज रात्रीच सांगतो तिला.