दयामरण की इच्छामरण?

शाईचा डाग: एका वैद्यकीय लेखाचं भाषांतर करतेय. ‘युथनेशिया’ला मी ‘इच्छामरण’ वापरलं, तर संपादकांनी सगळीकडे ‘दयामरण’ करून परत पाठवलं. दोन्ही एकच का?

अर्धविराम: मुळीच नाही. क्रियापद लावून बघा. दयामरण ‘दिलं’ जातं. इच्छामरण ‘मागितलं’ किंवा ‘पत्करलं’ जातं. पहिल्यात सगळं देणाऱ्याच्या हाती, दुसऱ्यात मागणाऱ्याच्या. नेदरलँड्समध्ये २००२पासून लागू असलेल्या कायद्यात रुग्णाने आपणहून आणि पूर्ण विचारांती विनंती केलेली असणं ही अट आहे. त्याला दयामरण म्हटलं की ती अटच पुसली जाते. उलट असाध्य दुखण्याने तळमळणाऱ्या कुत्र्याला इंजेक्शन देतात, तिथे दयामरणच बरोबर. त्याला विचारणार कसं?

जुनं पान: इच्छामरण म्हटलं की भीष्म आठवतात, ही त्या शब्दाची अडचण. महाभारतात शंतनूने दिलेला वर ‘स्वच्छंदमरणा’चा आहे. भीष्मांनी तो वापरला तो मरण थोपवायला, उत्तरायण लागेपर्यंत. आजचा रुग्ण नेमकं उलटं मागतोय, आणि त्यासाठी त्याला दुसऱ्याची मदत लागते. बाकी मूळ ग्रीक शब्दात ना दया आहे ना इच्छा. ‘चांगलं मरण’ एवढाच अर्थ. ‘सुमरण’ करता येईल, पण ते घाईत लिहिलेलं ‘स्मरण’ वाटतं.

शाईचा डाग: लेखात अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याचाही उल्लेख आहे. तिथे डॉक्टर औषध लिहून देतो, घेतो रुग्ण स्वतः. तिथे कोणता शब्द?

अर्धविराम: मी ‘साहाय्यित आत्महत्या’ सुचवणार होतो, पण तिथला १९९७पासून अमलात असलेला कायदाच सांगतो की याला आत्महत्या समजू नये. नावातही ‘सन्मानाने मृत्यू’ आहे. तेव्हा सरळ ‘वैद्यकीय साहाय्याने मृत्यू’ लिहा. लांबलचक आहे खरं, पण खोटं नाही.

रात्रपाळी: मी आयसीयूत नर्स आहे. यातला एकही शब्द आमच्याकडे कोणी उच्चारत नाही. नातेवाईक विचारतात, “नळी काढली तर?” नंतर म्हणतात, “सुटले बिचारे.” असे उपचार थांबवण्याविषयीच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ आणि २०१८च्या निकालांच्या मराठी बातम्यांत ‘निष्क्रिय दयामरण’ असतं. ते वाचून एकीने मला विचारलं होतं, “निष्क्रिय म्हणजे डॉक्टर लक्षच देणार नाहीत का?” वेदनाशामक चालू असतं, अंग पुसणं चालू असतं, आम्ही उशाशी असतो. यात निष्क्रिय काय?

आणि एक. आमच्या फॉर्मवर ‘जीवरक्षक यंत्रणा काढून घेण्यास संमती’ असं छापलेलं होतं. एका मुलाचं पेन ‘काढून घेण्यास’पाशी अडलं. म्हणाला, “मी बाबांचं काहीतरी हिसकावून घेतोय असं वाटतंय.” पुढच्या छपाईत आम्ही ‘थांबवण्यास’ करून घेतलं.

अर्धविराम: हे पटलं. मग ‘निष्क्रिय’ टाकाच. ‘उपचार थांबवणे’ लिहा. मरण आजाराने येतं, हे त्यात उघड राहतं.

जुनं पान: जाता जाता, ‘लिव्हिंग विल’चं, म्हणजे पुढे कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेल्या कागदाचं, ‘जिवंत इच्छापत्र’ करू नका. हल्ली वाचायला मिळतं. कागद जिवंत नसतो. ‘मृत्युपत्र’ही नको, त्यात लोक घर आणि दागिने शोधतात. ‘उपचारांविषयीचं इच्छापत्र’ पुरे.

शाईचा डाग: म्हणजे नेदरलँड्सला इच्छामरण, ऑरेगनला वैद्यकीय साहाय्याने मृत्यू, नळीच्या परिच्छेदात उपचार थांबवणे. संपादक विचारतील, एकाच लेखात एकच शब्द का नाही?

अर्धविराम: रात्रपाळी यांचा तो फॉर्म दाखवा त्यांना.